पावसाळ्यातला नायलॉनचा दाणा

भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं छोटं मोल्डिंगचं काम आहे, नायलॉनचे बुश करतो. पावसाळ्यात नायलॉनचा दाणा हवेतलं पाणी ओढतो. तसाच मशीनमध्ये टाकला की बुशवर चंदेरी रेघा उमटतात आणि माल परत येतो. म्हणून आधी ८० अंशांवर काही तास सुकवायचा. एका जुलैत ड्रायरचं हीटर जळलं, ऑर्डर तोंडावर आली होती, आणि मी घरचा मायक्रोवेव्ह कारखान्यात आणला. पाणीच तर घालवायचंय, असा हिशोब केला.

पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात किलोभर दाणा, पूर्ण पॉवर. चौथ्या मिनिटाला इन्फ्रारेड थर्मामीटर वरून धरला, ६० अंश. निश्चिंत झालो. सातव्या मिनिटाला केस जळाल्यासारखा वास सुटला. मी दाराकडे धावलो तर मिस्त्री ओरडले, "दार नको, भाऊ! आधी प्लग काढा!" निवल्यावर पाहिलं तर वरचे दाणे सुटे होते आणि तळाशी पेरूएवढा तपकिरी गोळा झाला होता. डब्याचा तळ वितळून काचेच्या थाळीला चिकटला होता.

आमच्या गावात रुळांसाठीचं पोलाद भट्टीत तापतं ते बाहेरून आत. मला आचेचा तेवढाच स्वभाव ठाऊक होता. मायक्रोवेव्हमध्ये पदार्थ आतूनही तापतो, तोही सगळीकडे सारखा नाही. लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. तिच्यामुळे काही जागा जास्त तापतात, काही कमी. नायलॉनमध्ये घट्ट रचलेल्या स्फटिकांच्या अधेमधे विस्कळीत साखळ्या असतात. साधारण ५० अंशांपुढे त्या सैल होतात आणि लहरींची ऊर्जा जास्त शोषू लागतात. दाणा जितका तापेल तितका जास्त शोषतो. पाणी उडून गेलं तरी हे थांबत नाही, आणि २२० अंशांच्या आसपास स्फटिकही वितळतात. डबा मात्र लहरींनी तापला नव्हता, पॉलिप्रॉपिलीनमधून त्या जवळजवळ तशाच पार होतात. तो साधारण १६५ अंशांना वितळतो. त्याला खाल्लं ते नायलॉनच्या उष्णतेनं.

म्हणून सांगतो, दाणा गरम हवेच्या ड्रायरमध्येच सुकवा. ड्रायर बंद असेल तर शेजारच्या कारखान्यात भाड्यानं सुकवून आणा, ऑर्डर एक दिवस उशिरा जाऊ द्या. वरून घेतलेल्या तापमानावर विसंबू नका, ढिगाच्या पोटात काय चाललंय ते थर्मामीटरला दिसत नाही. आणि ज्या मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिक जळलं, तो पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. आमचा मी त्याच दिवशी भंगारात दिला.