सुट्टी कोण देणार?

(नोकरी करणाऱ्याला सुट्टी मिळते. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ती स्वतःच घ्यावी लागते. ती का घ्यावी आणि कशी घ्यावी, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून एक दिवस तुमची शाळा बंद असते. त्या दिवशी तुम्ही उशिरा उठता, खेळता, पाहुण्यांकडे जाता. पण तुमच्या गल्लीतला शिंपी, रिक्षावाला, भाजीवाला किंवा सायकल दुरुस्त करणारा कारागीर त्या दिवशी काय करतो? बहुधा तो कामावरच असतो.

आठवड्याची सुट्टी आपोआप मिळालेली नाही. पूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांना अशी ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि रविवारची सुट्टी मागितली. पुढे सहा वर्षे ते झटले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ही मागणी मान्य केली.

गिरणी कामगारांसमोर मालक होता, म्हणून त्यांना मागणी करता आली. शिंप्याने कोणाकडे अर्ज करावा? तो स्वतःच मालक आणि स्वतःच नोकर! आणि पुष्कळदा हा मालक गिरणीमालकापेक्षाही कडक असतो. तो ताप आला तरी काम सांगतो.

विश्रांती म्हणजे आळस नव्हे. दिवसभर वापरलेले डोळे, हात, पाठ आणि मन झोपेत व विसाव्यात पुन्हा ताजे होतात. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. ईदच्या किंवा दिवाळीच्या आधी शिंपी रात्र रात्र जागतो. अशा वेळी कात्री जरा चुकली, तर गिऱ्हाइकाचे कापड भरून द्यावे लागते. रिक्षावाल्याला डुलकी लागली, तर स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही जिवावर बेतते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असे त्यात आढळले. आता हिशेब करा. रोज ९ तास याप्रमाणे सातही दिवस काम केले, तर आठवड्याचे ६३ तास होतात.

आपल्या शेतकऱ्याला विश्रांतीचे मोल ठाऊक आहे. पोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही. त्याला न्हाऊ घालतो, सजवतो, पुरणपोळीचा घास देतो. जमिनीचा कस टिकावा म्हणून ती कधी कधी पड ठेवतो. बैलाला आणि जमिनीला विसावा हवा, मग माणसाला नको का?

तुम्ही म्हणाल, “एक दिवस दुकान बंद ठेवले, तर त्या दिवशी घरात काय शिजेल?” हा प्रश्न खरा आहे. हातावर पोट असणाऱ्याला सुट्टी महाग पडते. म्हणून तिची तयारी आधीपासून करावी लागते. समजा, एखाद्या कारागिराला खर्च वजा जाता रोज ७०० रुपये मिळतात. त्याने सहा दिवस रोज १०० रुपये बाजूला ठेवले, तर सातव्या दिवसासाठी ६०० रुपये जमतात. म्हणजे आठवड्याचे सातही दिवस घरात ६०० रुपये येतात. हेही जमत नसेल, तर निदान अर्धा दिवस तरी सुट्टी घ्यावी.

दुसरी भीती गिऱ्हाईक तुटण्याची. शेजारचे दुकान उघडे असेल, तर आपले बंद कसे ठेवायचे? यावर उपाय एकच, सर्वांनी मिळून बंद ठेवायचे. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. सर्वांचेच माग थांबतात, त्यामुळे कोणी मागे पडत नाही. १९४८ च्या कायद्याने आपल्या राज्यातील दुकानांनाही आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे भाग होते. त्यामुळे नोकराबरोबर दुकानदारालाही विसावा मिळे. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने सातही दिवस उघडी ठेवण्याची मुभा दिली. कायद्यात ठरवलेल्या संख्येइतके किंवा अधिक कामगार असतील, तेथे प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. पण छोट्या दुकानदाराला सुट्टी देणारा आता कोणीच उरला नाही. बाजारातल्या सर्वांनी एकत्र बसून तो दिवस ठरवायला हवा.

आणखी एक गोष्ट विसरू नका. घरी बसून शिवणकाम, भरतकाम करणारी आई हीसुद्धा स्वतःचा धंदा करणारीच आहे. सुट्टीच्या दिवशी सारे घरी असतात, तेव्हा तिचे काम उलट वाढते. त्या दिवशी भांडी कोण घासणार, पाणी कोण भरणार, हे घरातल्या सर्वांनी वाटून घ्या.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी अनेक जण स्वतःचा व्यवसाय कराल. तेव्हा खूप कष्ट करा, पण स्वतःचे चांगले मालकही व्हा. चांगला मालक आपल्या कामगाराला वेळेवर सुट्टी देतो.

शब्दार्थ
झटणे – खूप प्रयत्न करणे
विसावा – विश्रांती, आराम
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे
जू – बैलाच्या मानेवर ठेवायचे लाकूड
पड ठेवणे – जमीन न पेरता तशीच ठेवणे
हातावर पोट असणे – रोज कमावून रोज खाणे
मुभा – परवानगी

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कधी मान्य केली?
(आ) मालेगावात यंत्रमाग कोणत्या दिवशी बंद असतात?
२. कारणे लिहा.
(अ) शिंप्याला सुट्टीसाठी कोणाकडे अर्ज करता येत नाही.
(आ) सर्वांनी मिळून दुकाने बंद ठेवली, तर कोणी मागे पडत नाही.
३. मालक, कारागीर, दुकान, बाजार हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.
४. तुमच्या ओळखीच्या एका कारागिराला त्याच्या सुट्टीविषयी विचारा आणि पाच वाक्ये लिहा.