आधी दफ्तर, मग यंत्र

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला जो पूर आला, त्याने वडोदऱ्याच्या सखल वस्त्यांतील तळमजल्यांवर जे जे होते ते ते बुडवले. आणि हल्ली तळमजल्यावर कपाटे व सतरंज्या यांच्या जोडीला संगणकही असतात, त्यामुळे पाणी ओसरल्यावर आमच्या मंडळाच्या वाचनखोलीत चालू स्थितीतील एकही यंत्र उरले नाही. नवी घेण्याइतकी शिल्लक नव्हती. तेव्हा दांडिया बाजार आणि रावपुरा या भागांतील परिचित कुटुंबांकडे शब्द टाकला, आणि माळ्यावर, जिन्याखाली, जुन्या गाद्यांच्या आड वर्षानुवर्षे पडून असलेले संगणक लोकांनी अगत्याने आणून दिले. त्यांपैकी बहुतेकांची रॅम एक गिगाबाइट, काहींची त्याच्याही निम्मी. अशा यंत्रांवर हलकी लिनक्स बसवून ती पुन्हा कामास लावण्याच्या उद्योगात जे पाहिले, त्यातील काही भाग या मार्गाने जाणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल, अशा समजुतीने पुढील मजकूर लिहीत आहे.

हा खटाटोप कशासाठी, असे मला विचारण्यात आले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. १९१० साली ग्रंथालयांची व्यवस्था लावण्यासाठी विल्यम बोर्डन या ग्रंथपालास अमेरिकेहून पाचारण केले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. ज्या शहरात ग्रंथ वाचकाच्या दारी नेण्याची तजवीज शंभराहून अधिक वर्षांपूर्वी झाली, त्या शहरातील एखाद्या मुलीला मराठी किंवा गुजराती टंकलेखन शिकण्यास यंत्र मिळू नये, आणि त्याच वेळी दहा घरांच्या माळ्यांवर यंत्रे धूळ खात पडावीत, हे मला सहन होत नाही.

आलेल्या यंत्रांत एका निवृत्त शिक्षकांचा संगणक होता. गृहस्थ मोडीचे जाणकार. आपल्या घराण्यातील आणि आप्तेष्टांकडील जुन्या कागदांची बाळबोध लिप्यंतरे त्यांनी कित्येक वर्षे त्यावर उतरवून ठेवली होती. यंत्र सुरूच होत नव्हते, म्हणून ते प्रथम दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. तेथे वीजपुरवठ्याची पेटी बदलली, यंत्र जागे झाले, आणि त्यावरील विंडोज एक्सपी, जिचा कंपनीकडील आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला होता, ती निरुपयोगी समजून कारागिराने सद्भावनेने, कोणालाही न विचारता, सगळी डिस्क कोरी करून तिच्यावर हलकी लिनक्स बसवून दिली. काम स्वच्छ होते. यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी चपळ झाले होते. सर वाचनखोलीत आले, खुर्चीवर बसले, पडदा थोडा वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “छान झालंय. पण माझे कागद कुठल्या कप्प्यात ठेवलेत?”

अशा प्रसंगी पहिली गोष्ट करावयाची ती म्हणजे यंत्र तत्काळ बंद करणे. डिस्क पुसली म्हणजे तिच्यावरील मजकूर त्याच क्षणी नाहीसा होतो असे नाही; सामान्यतः पुसली जाते ती सूची, आणि ज्या जागेवर नवी यंत्रणा प्रत्यक्ष लिहिली गेली तेवढ्याच जागेतील जुने कायमचे जाते. परंतु यंत्र चालू राहिले की ते घटकेघटकेला काही ना काही लिहीत असते, आणि प्रत्येक नव्या लेखनाखाली जुन्यातील काही गाडले जाण्याचा संभव असतो. आम्ही ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडली, डीडीरेस्क्यू या साधनाने तिची आरंभापासून शेवटपर्यंत तंतोतंत नक्कल घेतली, मूळ डिस्क बाजूला ठेवली आणि फोटोरेक हे शोधक साधन केवळ त्या नकलेवर चालवले. ही साधने विनामूल्य आहेत आणि कोणत्याही लिनक्सवर मिळतात. फोटोरेक फाइली ओळखते ती त्यांच्या अंतर्गत रचनेवरून. त्यामुळे जे हाती येते त्याला नाव नसते, फोल्डर नसतो, क्रम नसतो. आकड्यांच्या नावाच्या असंख्य फाइलींचा ढीग समोर पडला, आणि त्यांतील एक उघडली तेव्हा पडद्यावर मराठी नव्हतेच. रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि स्वरचिन्हे डोक्यावर घेतलेली युरोपीय अक्षरे यांच्या ओळीच्या ओळी तेवढ्या दिसत होत्या.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर मराठी मंडळींच्या घरोघरी हा प्रसंग आज ना उद्या येणार आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव इत्यादी जे फॉन्ट आपल्याकडे चालत, त्यांत देवनागरी अक्षराला स्वतःचा संकेतांक नसे. रोमन अक्षराच्या जागेवर देवनागरीचे चित्र बसवलेले असे. फाइलीत साठते ते रोमन अक्षर, आणि फॉन्ट हजर असेल तोवर डोळ्यांना दिसते ते मराठी. विंडोज पुसली की तिच्यासोबत तो फॉन्टही जातो, आणि मग सुखरूप वाचलेली फाइलही वाचता येत नाही. सरांच्या सुदैवाने त्यांच्याच कपाटात फॉन्टची जुनी सीडी निघाली. फॉन्ट बसवला, मजकूर निवडून त्याला तो लावला, आणि त्या रोमन गबाळातून ‘श्री’ उमटले. त्याखाली शक, मास, तिथी, आणि मग ‘राजश्रियाविराजित’ हा मायना. बरेच हाती लागले. जे नव्या यंत्रणेच्या खाली गेले, ते मात्र गेलेच. त्यांतील काही मूळ कागद ज्यांच्याकडून आणले होते त्यांच्या घरीही आता उरलेले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे जुनी डिस्क पुसलीच जात नाही. यंत्र आले की प्रथम ती डिस्क काढायची, मालकाचे नाव लिहून पाकिटात घालायची, आणि तिची नक्कल मालकाच्या हाती रुजू होईपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. नकलेत कागदपत्रांबरोबर विंडोजचा फॉन्टचा फोल्डरही आठवणीने उतरून घ्यावा. ज्यांना आपल्या फाइलींचे महत्त्व आहे, त्यांनी जुनी यंत्रणा जिवंत आहे तोवरच त्या उघडून त्यांची पीडीएफ करावी, आणि सवडीने संकेत-परिवर्तकाच्या साह्याने मजकूर युनिकोडमध्ये आणून मुळाशी ताडून पाहावा. परिवर्तक जोडाक्षरांत आणि रफारात चुकतात, म्हणून माणसाची नजर अखेर लागतेच. नव्या यंत्रणेसाठी छोटी एसएसडी घ्यावी. जुन्या यंत्रावर करण्याजोगा हाच एक खर्च मी निःशंकपणे सुचवतो, कारण वेगात पडणारा फरक कोणालाही ताबडतोब जाणवतो आणि जुने दफ्तरही अबाधित राहते.

यानंतर यंत्राची प्रकृती. झाकण उघडून मदरबोर्डवरील नळकांड्यांसारखे कपॅसिटर पाहावेत. त्यांचे माथे फुगलेले किंवा तपकिरी झालेले असतील, तर त्या यंत्रावर श्रम खर्चू नयेत. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी कड साध्या खोडरबराने हलकेच पुसावी, कारण आमच्याकडील पावसाळी दमटपणात तेथे पुट चढते आणि निष्कारण बिघाडाची शंका येते. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट निदान एक रात्र चालू द्यावा. आणि नाण्याएवढी ती बॅटरी, सीआर२०३२, न विचारता बदलावी. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या यंत्रातील ही बॅटरी बहुधा मेलेली असते, आणि मग यंत्र दर वेळी आपल्या निर्मितीच्या आसपासच्या एखाद्या १ जानेवारीस जागे होते. ब्राउझर तो दिनांक पाहतो, संकेतस्थळाचे प्रमाणपत्र अद्याप सुरूच झालेले नाही असे ठरवतो, आणि एकामागून एक पाने असुरक्षित म्हणून नाकारतो. यंत्रणेच्या अद्ययावतीकरणाचीही तीच गत होते. यावर लोक लिनक्सला बोल लावून ती पुन्हा पुन्हा बसवताना मी पाहिले आहेत, आणि दोष असतो तो तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूचा.

कोणती लिनक्स, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. खरे तर तो येथे यावा. विंडोज एक्सपी दिसली की यंत्र ३२-बिटी आहे असे गृहीत धरण्याची चाल आहे, ती सोडावी. २००६ पासून निघालेले कोअर टू ड्युओ प्रोसेसर ६४-बिटी आहेत, त्यांच्याआधीचे नुसते कोअर ड्युओ मात्र नाहीत, आणि छोट्या नेटबुकांतील अ‍ॅटम एन२७० हाही ३२-बिटीच. पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरती चालवून एलएससीपीयू ही आज्ञा दिली की प्रोसेसर कोणत्या पंगतीतला ते स्पष्ट छापून येते. हा भेद आता निर्णायक झाला आहे. उबुंटूने ३२-बिटी संचांसाठी बसवणीची माध्यमे काढणे २०१७ मध्ये थांबवले. डेबियन १२ ने ती दिली, पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ती बंद केली. आणि मोझिलानेही ३२-बिटी लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या त्याच वर्षी थांबवल्या. म्हणून यंत्र ६४-बिटी असेल तर थोडी रॅम अधिक गेली तरी ६४-बिटी आवृत्तीच घ्यावी. खरोखर ३२-बिटी असेल तर डेबियन १२ किंवा तिच्यावर आधारलेली अँटीएक्स २३ घ्यावी, आणि डेबियन १३ वर चढवण्याचा मोह टाळावा. अँटीएक्सचे कर्ते ५१२ मेगाबाइट रॅमची शिफारस करतात आणि माझ्या अनुभवात ते वचन खरे उतरते. एक गिगाबाइट व त्यावर असेल तर डेबियन आणि एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, असा मेळ नवशिक्यांना अधिक परिचित वाटतो.

परंतु यंत्रणा हलकी आहे म्हणून काम हलके होते, अशी जी समजूत पसरली आहे, ती निराशेस कारण होते. रॅम म्हणजे कारकुनाचे मेज आणि डिस्क म्हणजे मागील दफ्तरखाना, असे समजले तर मेजावर न मावणारा कागद आत ठेवून येण्याची आणि पुन्हा आणण्याची जी ये-जा, तिलाच स्वॅप म्हणतात. यंत्र घरघरते आणि पडदा गोठतो तो या ये-जेने. अँटीएक्स मेजाचा लहानसा कोपरा अडवते खरी, पण आजच्या वृत्तपत्राचे जाहिरातींनी लगडलेले एकच पान तिच्याहून अधिक जागा मागते. झेडरॅम चालू केल्याने रॅममधील मजकूर दाबून ठेवला जातो व थोडा श्वास मिळतो. जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन तर आवश्यकच. तरीही ५१२ मेगाबाइटच्या यंत्रावर व्हिडिओ पाहू, असे वचन कोणत्याही मुलाला देऊ नये. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, उतरवून ठेवलेली पुस्तके, प्रोग्रामिंगचे पहिले धडे, यांसाठी ते पुरते. रायगड जिल्ह्यातील खैराटच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्यांत २५६ मेगाबाइटच रॅम होती आणि ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. तेथे काम आधी ठरले आणि यंत्रणा त्या कामाच्या मापाने बेतली गेली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

मराठीसाठी स्वतंत्र पार्श्व-सेवा चालवून रॅम दवडण्याचे कारण नाही. कळफलकाच्या मूळ मांडणीतच भारतीय गटात इनस्क्रिप्ट आहे, ती एका कळीवर बांधावी. लोहित किंवा नोटो हा देवनागरी फॉन्ट बसवावा, आणि गुजरातीचाही, कारण येथील मुले दोन्ही लिहितात. मग ‘दऱ्याखोऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘उद्‌ध्वस्त’ असे शब्द प्रत्येक प्रोग्रामात टंकून पाहावेत. लिब्रेऑफिसमध्ये ते निर्दोष येतात. काही अतिहलक्या प्रोग्रामांत आणि टर्मिनलांत जोडाक्षरे फुटतात, ऱ्याचा अर्धा र भलतीकडे जातो. असा प्रोग्राम कितीही हलका असो, मराठी शिकणाऱ्या मुलापुढे मी तो ठेवणार नाही.

बसवणीच्या वेळची सावधगिरी एवढीच की, पेन ड्राइव्ह तयार करणारे साधन जे उपकरण दाखवाल ते समूळ पुसते, आणि बसवणी-कार्यक्रमातील ‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्यायही तेच करतो. त्या घटकेला यंत्रात नव्या एसएसडीखेरीज दुसरी डिस्क जोडलेली असूच नये. त्याआधी तात्पुरत्या स्थितीतच वायफाय, आवाज व छपाई तपासावी. काम झाल्यावर यंत्राच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी: यंत्रणेचे नाव व आवृत्ती, बसवल्याचा दिनांक, आणि आधार केव्हा संपतो ते. डेबियन १२ ला जून २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. त्यानंतर ३२-बिटी यंत्राची इंटरनेटची तार काढून त्याला केवळ टंकलेखनास ठेवावे.

काही यंत्रे यांतूनही वाचत नाहीत. ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नयेत. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत, त्यांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे ती द्यावीत, पावती घ्यावी. देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी, मग ते यंत्र कितीही मृत दिसो, आणि मालक हयात नसतील तर त्यांच्या वारसांना विचारल्याखेरीज ती फोडू नये.