खिडकी बंद, तरी हवा चालू : घरातील सततचे वायुवीजन



पावसाळ्यात आपल्या मोहन्यात संध्याकाळ झाली की घराघरांतून एकच हाक ऐकू येते, "खिडक्या लावा रे, डास येतायत!" बाहेर पाऊस, जवळ उल्हास नदी. मग लावलेल्या खिडक्या थेट सकाळी उघडतात. तोपर्यंत खोलीत कोंदट वास भरलेला असतो, कपाटामागे बुरशी धरते. असं का होतं?

बंद खोलीत काय घडतं?

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. म्हणजे शंभरपट! त्यात श्वासातली, स्वयंपाकाची आणि ओल्या कपड्यांची वाफ मिसळते. ही वाफ थंड भिंतीवर बसते आणि तिथेच बुरशी वाढते.

सततचे वायुवीजन म्हणजे काय?

खिडकी-दार बंद असतानाही लहान वाटेने थोडी थोडी हवा येत-जात राहणे, म्हणजे सततचे वायुवीजन. जुन्या चाळींत दारावर किंवा भिंतीत वरच्या बाजूला जाळीचा झरोका असायचा, तो हेच काम करी. इंग्लंडमध्ये यासाठी खिडकीच्या चौकटीतच बारीक फट ठेवतात. तिला 'ट्रिकल व्हेंट' म्हणतात. गरम हवा हलकी होऊन वर जाते, म्हणून बाहेर जाण्याची वाट वर आणि आत येण्याची खाली हवी. एकच भोक पुरत नाही.

एक गणित सोडवा

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट भागात खिडक्यांचे उघडे क्षेत्र खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश असावे. खोली १० × १२ फूट, म्हणजे १२० चौ. फूट. त्याचा सहावा भाग २० चौ. फूट. खिडकी ४ × ५ फूट, म्हणजे बरोबर २०. झालं? नाही! दोन पाळ्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. प्रत्यक्षात मिळाले १० चौ. फूट. त्यावर धुळीने भरलेली डासांची जाळी असेल, तर आणखी कमी.

सर्वांत महत्त्वाचे : बाथरूम

गॅस गिझर पेटला की तो खोलीतला ऑक्सिजन वापरतो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, गरगरतं, माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून "थंडी वाजते" म्हणून बाथरूमचा झरोका पुठ्ठ्याने बंद करू नका. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवणेच सुरक्षित. कोणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि लगेच दवाखान्यात न्या.

घरी करून पहा

मोठ्यांना सोबत घ्या. गिझर आणि शेगडी बंद ठेवा. खिडक्या लावून उदबत्ती आधी दाराखालच्या फटीजवळ, मग वरच्या झरोक्याजवळ धरा. पडदे लांब ठेवा. धूर कुठे वळतो ते वहीत लिहा. दोन्ही ठिकाणी तो सरळच वर गेला, तर हवा खेळत नाही असे समजा.

स्वाध्याय

१. तुमच्या खोलीचे क्षेत्रफळ आणि खिडकीचे खरे उघडे क्षेत्र काढा.
२. घरातले किती झरोके बुजलेले आहेत? आजी-आजोबांना विचारा, ते का बुजवले?

डासांसाठी जाळी लावा, ती महिन्यातून एकदा धुवा. पण हवेची वाट मात्र अडवू नका.