लाकडाची भट्टी : सांभाळावी, सुधारावी की मोडावी?

आम्ही कापडाचे व्यापारी. बेकरीच्या धंद्यावर आम्ही का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण साधे आहे. अंधेरीला आमच्या दुकानाच्या गल्लीत एक जुनी बेकरी आहे. तिचे मालक वर्षभर आमच्या गादीवर बसून एकच प्रश्न विचारत होते, "शेठ, भट्टी ठेवू की काढू?" शेवटी कागद-पेन्सिल घेऊन आम्ही दोघांनी हिशोब मांडला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत अनेक बेकरीवाल्यांपुढे हाच प्रश्न असल्याने तो हिशोब येथे देत आहोत.

आधी कायद्याची बाजू. मुंबईच्या हवेबाबत उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. तिच्यात ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला की लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांनी सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर यावे. नव्या बेकरीला परवाना द्यायचा तोही याच अटीवर. ती मुदत जुलै २०२५ मध्ये संपली. म्हणजे लाकूड जाळावे की नाही, हा प्रश्न आता आपल्या हाती उरलेला नाही. हाती आहे ते इतकेच : विटांची जुनी भट्टी ठेवून तिला गॅसचा बर्नर बसवायचा, की भट्टी मोडून तयार ओव्हन आणायचा?

पुष्कळ जण म्हणतात, लाकूड गेले की पावाची चव गेली. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. भट्टीत आग पेटवतात ती विटा तापवण्यासाठी. विटा तापल्या की निखारे बाजूला सारतात आणि पाव भाजतो तो घुमटातून उतरणाऱ्या व फरशीतून चढणाऱ्या उष्णतेवर. बंद घुमटात कणकेतलीच वाफ कोंडते, म्हणून ब्रून पावाला ते जाड, कडक कवच येते. हे सगळे काम विटांचे आहे. विटा लाकडाने तापवा की गॅसने, त्यांना फरक कळत नाही. मात्र विटा काढून फिरत्या ट्रॉलीचा ओव्हन आणला तर फरक पडतो. त्यात गरम हवा चहूबाजूंनी लागते. खारी, टोस्ट, बिस्किटे यांना तो उत्तम, एकसारखा रंग येतो. ब्रूनला मात्र ती मजा येत नाही. तेव्हा पहिला सवाल आपल्या मालाचा आहे. विक्रीत जास्त काय आहे, लादीपाव आणि ब्रून, की खारी-बिस्किट?

आता पैशाची बाजू. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने मुंबईतल्या सुमारे २०० बेकऱ्यांची पाहणी केली. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लाकडावर चालत होत्या आणि एका बेकरीला दिवसाला सरासरी १३० किलो लाकूड लागत होते. भंगारातले लाकूड चार-पाच रुपये किलो, चांगले ओंडके दहा-बारा रुपये. म्हणजे भंगारवाल्याचा रोजचा खर्च ६५० रुपये.

एक किलो सिलिंडरच्या गॅसमध्ये साधारण ११,००० किलोकॅलरी उष्णता असते, एक किलो सुक्या लाकडात ३,५०० ते ४,०००. म्हणजे ढोबळमानाने तीन किलो लाकडाला एक किलो गॅस. १३० किलो लाकडाला ४३ किलो गॅस, म्हणजे १९ किलोचे सव्वादोन सिलिंडर. व्यापारी सिलिंडर मुंबईत २०२५ साली दीड हजारांच्या वरच होता. रोजचे ३,४०० रुपये झाले. महिन्याला ऐंशी हजारांचा फरक! हा आकडा लिहून झाला तेव्हा आमचे शेजारी उठून पाणी प्यायला गेले.

पण हा हिशोब अर्धवट आहे. लाकडाच्या भट्टीत बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि भेगांतून निघून जाते. लाकूड स्वस्त असल्याने ती कोणी मोजत नाही. गॅसचा बर्नर काम होताच बंद करता येतो, लाकूड मात्र जळतच राहते. शेजाऱ्यांनी बर्नर बसवला तेव्हा पहिल्या महिन्यात रोज दोन सिलिंडर गेले. मग घुमटाच्या भेगा आगविटांच्या मातीने भरल्या, वरून उष्णता अडवणारा थर दिला, तोंडाला घट्ट झाकण केले. आता सव्वा सिलिंडर लागतो. लाकूड फोडणारा माणूस, राख, आणि लाकडाने अडवलेली दहा बाय आठची जागा यांची बचत वेगळी. ज्याने पूर्वी प्रामाणिकपणे ओंडके जाळले, त्याचा खर्च रोज १,३०० ते १,५०० रुपये होताच. त्याला फरक फार जाणवत नाही. स्वस्ताई लाकडाची नव्हती, भंगाराची होती. आणि त्या भंगारात प्लायवूडचा गोंद व जुन्या दारांचा रंगही जळत होता. त्याचा धूर सर्वांत आधी कारागिराच्या छातीत जातो.

म्हणून बर्नर घेण्यापूर्वी भट्टीची तब्येत पाहा. चालू भट्टीच्या बाहेरच्या भिंतीला हात लावा. हात टेकवत नसेल तर उष्णता बाहेर जात आहे. रात्री विझवलेली भट्टी सकाळी किती गरम राहते तेही पाहा. घुमट खचला असेल, विटा सुटत असतील, तर दुरुस्तीवर पैसा घालू नका.

सुरक्षिततेत काटकसर चालणार नाही. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर बंद घुमटात गॅस साठतो आणि पुढची काडी घात करते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. अनेक जुन्या भट्ट्यांपुढे कारागीर उभा राहतो तो खड्डा आहे, गळती झाली तर गॅस तेथेच उतरतो. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून त्या दृष्टीने बरा. विनापरवाना १०० किलोपर्यंतच गॅस ठेवता येतो, म्हणजे पाच सिलिंडर. महानगर गॅसची वाहिनी आपल्या रस्त्यावर आहे का, हे आधी विचारा. नसेल तर पावसाळ्यात रस्ता खोदून मिळणार नाही, हे धरून चाला.

विजेचा ओव्हन घेणाऱ्याने मंजूर भार तपासावा. अंधेरी-बोरिवलीकडे अदानी, मुलुंड-भांडुपला महावितरण. दर आणि नियम आपापल्या कंपनीचे पाहावेत.

कर्जाबाबत एक सांगतो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची योजना निघाली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत होती. तेव्हा ती आज खुली आहे का, हे जिल्हा कृषी कार्यालयात विचारूनच यंत्राची ऑर्डर द्यावी. आमच्या धंद्यात भिवंडीला काही जणांनी कर्ज काढून नवे माग आणले आणि माल मात्र जुनाच विणला. हप्ते नव्या मागाचे, भाव जुन्या कापडाचा. नवा ओव्हन घेणाऱ्याने कोणता नवा माल विकणार, हे आधी ठरवावे.

आता सर्वांत मोठी गोष्ट, जी आम्हालाही उशिरा सुचली : जागा. उपनगरांत जिकडेतिकडे इमारती पाडून नव्या बांधल्या जात आहेत. विटांची भट्टी उचलून नेता येत नाही, ओव्हन नेता येतो. इमारत दोन-तीन वर्षांत पडणार असेल तर भट्टीच्या दुरुस्तीत लाखभर रुपये गाडणे आमच्या मते चूक आहे. पागडीची जागा असेल तर गॅसच्या जोडणीआधी मालकाची लेखी संमती घ्या, तोंडी शब्दावर राहू नका.

आमच्या शेजाऱ्यांची इमारत अजून उभी आहे, पुनर्विकासाची बोलणीही नाहीत, आणि विक्रीत बारा आणे ब्रून व लादीपाव. म्हणून त्यांनी भट्टी ठेवली. गेल्या ईदला मोहल्ल्यातल्या बायका नानखटाईचे ट्रे घेऊन आल्या, तेव्हा कारागीर गोंधळला. लाकडाच्या आगीचा त्याला अंदाज होता, गॅसचा नव्हता. पहिले दोन ट्रे खालून करपले. आता त्याने बर्नर विझवल्यानंतर वीस मिनिटे थांबायचे ठरवले आहे.