पदवीसाठी महाविद्यालयाची निवड : एक आर्थिक विचार

मर्यादित साधने आणि त्यांचे पर्यायी उपयोग यांत माणूस निवड कशी करतो याचा अभ्यास म्हणजे अर्थशास्त्र, अशा आशयाची व्याख्या लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये मांडली. प्रथम वर्षापासून आपण ती पाठ करतो. परंतु अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शिकण्यासाठी महाविद्यालय निवडताना मात्र ‘मित्र गेला तिकडे मी’ हाच आपला सिद्धांत असतो. माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे आणि आमच्या घरी हा प्रश्न रोज निघतो. त्या निमित्ताने आपल्याच विषयाच्या साधनांनी त्याचा विचार करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

(१) आधी विषय, मग महाविद्यालय

बी.ए. (अर्थशास्त्र), बी.कॉम. आणि बी.बी.ए. या तीन वाटा बाहेरून सारख्या वाटतात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. बी.कॉम.चा कणा हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण व करआकारणी हा होय. बी.बी.ए.मध्ये व्यवस्थापनावर भर असतो; २०२४-२५ पासून हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. अर्थशास्त्रात पुढे जावयाचे असेल तर गणित व संख्याशास्त्र यांना पर्याय नाही. दिल्ली विद्यापीठात बी.ए. ऑनर्स (अर्थशास्त्र) साठी बारावीला गणित असावे लागते. आपल्याकडे कला शाखेत गणित न घेताही अर्थशास्त्राची पदवी मिळते. पण ही सवलत पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी महाग पडते. म्हणून निवडीचा पहिला टप्पा बारावीनंतर नव्हे, तर अकरावीचे विषय घेतानाच येतो.

(२) नाव आणि अध्यापन

१८८५ चे फर्ग्युसन, १९१३ चे सिडनहॅम, १९३० ची गोखले संस्था ही नावे आपण आदराने घेतो. ती मोठी झाली ती माणसांमुळे. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोखले संस्थेला धनंजयराव गाडगीळ पहिले संचालक म्हणून लाभले आणि तेथूनच दांडेकर व रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये पुढे आला. तथापि नाव ही कालची कमाई असते. आपल्याला शिकवणारा आजचा प्राध्यापक असतो.

जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखविले की, मालाची खरी प्रत विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल तर बाजार बिघडतो. माहितीपत्रकांचा बाजार याहून निराळा नाही. चकचकीत इमारतीचे चित्र असते, पण विभागात पूर्णवेळ शिक्षक किती हे छापलेले नसते. नॅकची श्रेणी उपयोगी असली तरी ती संपूर्ण संस्थेची असते, एका विभागाची नव्हे. एका विद्यापीठाशी संलग्न अशा दोन महाविद्यालयांत अभ्यासक्रम सामान्यतः एकच असतो. फरक पडतो तो शिकवण्यात आणि ग्रंथालयात. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः आखते. तेथे तो मागवून वाचावा.

(३) खर्चाचा हिशेब

समजा, शहरातील महाविद्यालयाची वार्षिक फी ६०,००० रुपये आणि खोली व खानावळ मिळून दरमहा ७,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ७०,००० रुपये; म्हणजे तीन वर्षांचे ३,९०,००० रुपये. जवळच्या महाविद्यालयात फी ८,००० व एस.टी.चा पास ६,००० धरला तर तीन वर्षांचे ४२,००० रुपये. फरक ३,४८,००० रुपयांचा. वैकल्पिक खर्चाची संकल्पना येथे कामी येते : या रकमेत दुसरे काय साधले असते? पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे चांगल्या संस्थेत निघू शकतील. तेव्हा जवळच्या महाविद्यालयात शिक्षक व ग्रंथालय समाधानकारक असेल तर पैसा पुढच्या टप्प्यासाठी राखणे शहाणपणाचे ठरते. उलट, ज्याला सनदी लेखापाल व्हावयाचे आहे त्याला उमेदवारीसाठी लेखापालांच्या कचेऱ्या जवळ हव्यात; त्याला शहराचा खर्च वाया जाणारा नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. मी पुण्याचा विचार केला तेव्हा अडले होते ते केवळ पैशाने. बहिणीच्या वेळी मात्र ‘मुलीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?’ हा प्रश्न फीच्या आधी निघाला आणि नंतर तोच खर्चाचे रूप घेऊन बोलू लागला. हिशेब अवश्य करावा, पण त्याच्या आड दुसरे कारण लपवू नये. वसतिगृह, शिष्यवृत्ती व सवलती यांची चौकशी मुलासाठी करू तितकीच मुलीसाठी करावी आणि मगच निर्णय घ्यावा.

(४) काय विचारावे?

प्रवेशापूर्वी एक दिवस महाविद्यालयात जावे. तेथील तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना चार प्रश्न विचारावेत : तास नियमित होतात का? विषयाचे कायम शिक्षक किती? ग्रंथालयातील पुस्तके घरी मिळतात का? गेल्या दोन-तीन वर्षांतील विद्यार्थी पुढे कोठे गेले? प्राचार्यांच्या भाषणापेक्षा ही उत्तरे अधिक बोलकी असतात.

आपल्या महाविद्यालयालाही हे चारही प्रश्न लागू आहेत. येत्या जूनमध्ये कोणी नवा विद्यार्थी आपल्यापैकी एखाद्याला ते विचारील, तेव्हा त्याला खरे उत्तर द्यावे, एवढीच माझी सर्व विद्यार्थिमित्रांना विनंती आहे. गुरुजनांनी या विषयावर मार्गदर्शन केल्यास तेही स्वागतार्ह होईल.