गाण्यावर घर चालेल का?

"पोरगं गाते चांगलं, पण पुढे खाईन काय?" मुलगा दहावीला आला की जठारपेठेतल्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. अकोला आता नीट-जेईईच्या शिकवण्यांचं शहर झालं आहे. बाहेरगावची मुलं इथे खोली करून राहतात. अशा गावात कुणी शास्त्रीय संगीताचं नाव काढलं, तर आईवडिलांच्या पोटात गोळा येणारच. ही काळजी खरी आहे, म्हणून तिचं उत्तर गोड बोलून देता येत नाही.

उत्तर शोधायला फार लांब जायला नको. अकोल्याहून बडनेऱ्याकडे निघालं की मूर्तिजापूर लागतं. २ मे १९२० रोजी तिथे वसंतराव देशपांडे जन्मले. बालपण नागपुरात गेलं, आईनेच त्यांना वाढवलं. शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याची तालीम सुरू झाली, पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग घोटला. एवढी विद्या गळ्यात असलेल्या या माणसाने पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कित्येक वर्षं कारकुनी केली. गाणं पूर्णवेळ झालं ते चाळिशी उलटल्यावर. 'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक १९६७ साली रंगमंचावर आलं, तेव्हा त्यात खाँसाहेब साकारणारे वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते.

नोकरीने त्यांचं गाणं मेलं नाही. म्हणून पंधराव्या वर्षी मुलाला 'गाणं की नोकरी' अशा कात्रीत धरू नका, असं मला कळकळीने सांगायचं आहे. त्या वयात ठरवायचं ते एवढंच, की रोजच्या रियाजाचे तास कुणी खाणार नाही. पदवी कशातही घेऊ द्या, पण सकाळ मोकळी राहील अशी घ्या. पहाटे शिकवणी, दुपारी कॉलेज आणि रात्री पुन्हा शिकवणी असं वेळापत्रक असेल, तर गाणं घरात नावापुरतंच उरतं.

आता पैशाचं. केवळ मैफलींवर घर चालवणारे कलावंत फार थोडे, आणि तिथवर पोचायला तिशी-पस्तिशी उलटते. बहुतेकांची मिळकत चार ठिकाणांहून येते: घरचे वर्ग, शाळा-महाविद्यालयातली नोकरी, साथसंगत आणि अधूनमधून कार्यक्रम. साथीला मी मुद्दाम वजन देतो. चांगला तबलजी किंवा पेटीवाला गायनाला लागतो, कथकच्या वर्गाला लागतो, नाट्यगीतांना, भजनालाही लागतो. गायकापेक्षा त्याच्या हाताला आधी काम मिळतं. महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर एम. ए. नंतर संगीत विषयातली नेट किंवा सेट परीक्षा द्यावी लागते. आकाशवाणी स्वरचाचणी घेऊन श्रेणी देते. त्यातून पोट भरत नाही, पण बी-हाय किंवा ए श्रेणी असली की आयोजक नाव ओळखतात.

परीक्षांबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत जातात. त्यांनी अभ्यासाला शिस्त लागते, दहावीला वाढीव गुणही मिळतात. मात्र त्या गुणांसाठीच वर्ग लावला आणि दहावी होताच तंबोरा माळ्यावर टाकला, असं फार घरांत होतं. विशारद झालेल्या मुलीला एक राग अर्धा तास मांडता येत नसेल, तर प्रमाणपत्राला फ्रेम करून काय उपयोग? गायकी गुरूसमोर बसूनच येते. गुरू निवडताना 'किती मुलं पास होतात' हे विचारू नका. ते स्वतः अजून रियाज करतात का, आणि चूक झाली की गाऊन दाखवतात का, ते पाहा. मुलाचा आवाज फुटत असेल, तर वरच्या पट्टीचा हट्ट करणाऱ्यापासून त्याला लांब ठेवा. ती वर्ष-दोन वर्षं खर्जात, शांतपणे काढायची असतात.

बाहेर पाठवायचं झालं तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे. आपल्या वऱ्हाडात ते फारसं कुणाला आठवत नाही, पण हावड्याच्या गाडीने राजनांदगावला उतरलं की तिथून जवळ पडतं. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत निवड झालेले शिष्य गुरूंच्या सहवासात राहून शिकतात आणि त्यांना विद्यावेतन मिळतं. निवड मात्र कडक असते. लहानांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती दहा ते चौदा वयात मिळते, तेव्हा दहावीची वाट पाहत बसलात तर ती हुकते. अठरा ते पंचवीस वयाच्या तरुणांसाठी संस्कृती मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे: महिना ५,००० रुपये, दोन वर्षं.

गळा नसेल पण कान असेल, त्या मुलांचंही करिअर इथेच आहे. ध्वनिमुद्रण आहे, संगीत समीक्षा आहे, वाद्यं बनवणं आणि जुळवणं आहे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जवारी काढणारे, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद खुलवणारे, चांगले हात आज शोधावे लागतात.

निर्णय घेण्याआधी एक वर्ष द्या. त्या वर्षात मुलाला मोठ्यांच्या मैफलींना नेऊन पुढच्या रांगेत बसवा, आणि घरी त्याला रियाजासाठी उठवायला जाऊ नका. वर्षभर न सांगता तो तंबोरा जुळवून बसत असेल, तर गुरूंकडे जाऊन पुढच्या पाच वर्षांचं बोला. फी, प्रवास आणि कॉलेजची वेळ, तिन्ही त्याच बैठकीत ठरवून टाका.