‘ध्यानातच राहत नाही’ : आळस की आजार?

गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी तीनदा वाचले. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका भगिनीचे ते आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगतो. त्यांचे यजमान ३८ वर्षांचे, बी. कॉम., राइस मिलमध्ये हिशेब पाहतात. ही त्यांची चौथी नोकरी. दारू पीत नाहीत, कुणाशी भांडण नाही. पण गॅसवर दूध ठेवून फोन घेतला की दूध उतू गेलेच. गाडी रिझर्व्हवर येऊनही पेट्रोल भरायचे राहते; वाघाचा वावर असलेल्या जंगलरस्त्यावर ती दोनदा बंद पडली. यंदा पीककर्जाचे पैसे घरात तयार होते, तरी मुदत टळून गेली आणि व्याजाची सवलत बुडाली. ‘सासूबाई म्हणतात, तो लहानपणापासूनच असा आहे. शेजारी म्हणतात, आळशी आहे. डॉक्टरसाहेब, हा आळस की आजार, एवढेच सांगा,’ असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्याचे म्हणून देऊ शकत नाही. कारण मीही त्याच जातकुळीतला आहे.

२००९ च्या पावसाळ्यातली गोष्ट. चार दिवसांच्या तापाची एक तरुण मुलगी सकाळी दवाखान्यात आली. रक्त तपासायला पाठवले. दुपारी दोनच्या सुमारास रिपोर्टची चिठ्ठी माझ्या हातात पडली. तेवढ्यात फोन वाजला, मी चिठ्ठी शर्टाच्या खिशात घातली आणि बोलू लागलो. रात्री नऊ वाजता शर्ट धुवायला टाकताना पत्नीने ती काढून दिली. फाल्सिपॅरम मलेरिया. हा मलेरिया काही तासांत मेंदूवर जाऊ शकतो, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरला कुणी सांगावे लागत नाही. मी पावसात गाडी काढून तिच्या गावी गेलो, तेव्हा ती बरळत होती. तिला चंद्रपूरला हलवले. ती वाचली, आज दोन मुलांची आई आहे. पण ते सात तास माझ्या हिशेबातून गेलेले नाहीत. चूक ज्ञानाची नव्हती. रिपोर्ट वाचूनसुद्धा तो माझ्या मनातून पुसला गेला होता.

पुढे २०११ मध्ये माझ्या मुलाच्या शाळेतून तक्रारी येऊ लागल्या म्हणून त्याला नागपूरला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. ते मुलाबद्दल प्रश्न विचारत होते आणि दर प्रश्नाला पत्नी माझ्याकडे पाहत होती. त्या दिवशी एका घरातून दोन रुग्ण निघाले.

या विकाराचे नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, थोडक्यात एडीएचडी. अवधान टिकत नाही आणि चंचलता आवरत नाही, असा त्याचा अर्थ. हे नवे फॅड आहे असे कुणी म्हणेल, पण तसे नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांवर व्याख्याने दिली होती. मोठे झाल्यावर हा विकार आपोआप जातो, अशी समजूत मात्र फार काळ टिकली, आम्हालाही एम.बी.बी.एस.ला तेच शिकवले. आज माहीत आहे की पुष्कळांत तो मोठेपणीही उरतो. शंभर प्रौढांत साधारण दोन-तीन जणांना तो असतो. मोठेपणी धावपळ, उड्या मारणे कमी होते. आतली बेचैनी, विसर, चालढकल आणि वेळेचा गोंधळ राहतो.

यात बुद्धी कमी नसते. मेंदूच्या पुढच्या भागाकडे एक मुकादमाचे काम आहे: कोणते काम आधी, कोणते नंतर, कुठे थांबायचे, हे तो ठरवतो. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांवर त्याचे काम चालते. एडीएचडीत हा मुकादम कधी हजर, कधी गैरहजर. एक रुग्ण म्हणाला होता, ‘सायेब, मले सर्व समजते, पण कामाले हातच लागत नाही.’ कोणत्याही ग्रंथात मला याहून नेमके वर्णन सापडले नाही.

आणखी एक खूण. ज्याचे फळ लांब आहे त्या कामाला हात लागत नाही. ज्याचे फळ समोर आहे ते काम हाच माणूस झपाटून करतो. महिनाभर खुर्चीत बसून वही लिहिताना तीनदा नोकरी गमावलेला एक जण मे महिन्यात तेंदूपानांच्या फळीवर पुडके मोजायला उभा राहिला, की पहाटेपासून भर उन्हात एकही चूक करीत नाही. रोज मोजणी, माणसांची गर्दी, थोड्या दिवसांचा हंगाम. मग घरचे म्हणतात, ‘तिथे जमते, इथे कसे जमत नाही? म्हणजे नाटकच आहे.’ नाटक नाही. विकाराचे स्वरूपच तसे आहे.

आईबापांच्या वळणामुळे हा विकार होत नाही, साखर खाल्ल्यानेही होत नाही. तो घराण्यात चालतो. उंचीमध्ये आनुवंशिकतेचा जेवढा वाटा, जवळपास तेवढाच याच्यात आहे. मात्र विसरणाऱ्या प्रत्येकाला हे नाव लावू नये. मोबाइलने आज सगळ्यांचेच लक्ष उडवले आहे. निदानाची अट अशी, की लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून हवीत, घर आणि काम अशा निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी खरोखर नुकसान केलेले असायला हवे. चाळिशीत अचानक विसर पडू लागला तर आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ पाहावे. आपल्या भागात सिकलसेलही पाहावा. घोरणे आणि दिवसा डुलक्या येणे, उदासी, दारू, खाणीतली किंवा वीज केंद्रातली रात्रपाळी, ही कारणे तर मी रोज पाहतो. म्हातारपणी नव्याने सुरू झालेला विसर हा वेगळाच विषय, त्यावर पुढे कधीतरी.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सहा प्रश्नांची एक चाळणी केली आहे. कामाचे शेवटचे टोक राहून जाते का, नीटनेटकी मांडणी जमत नाही का, ठरलेल्या भेटी विसरतात का, डोके लावायचे काम पुढे ढकलले जाते का, बसल्या जागी हातपाय चाळवतात का, आत यंत्र लावल्यासारखे सतत काही करावेसे वाटते का. यांतले चार-पाच वारंवार असतील तर तज्ज्ञाला दाखवावे. चाळणी म्हणजे निदान नव्हे.

स्त्रियांबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. मुलगा वर्गात उड्या मारतो म्हणून डोळ्यांवर येतो. मुलगी खिडकीबाहेर पाहत गप्प बसते, तिला कोण दाखवायला आणणार? तीच मुलगी सासरी गेली की ‘हिच्या हाताला वळण नाही’ हा शिक्का बसतो. भाजी करपते, मुलाच्या शाळेची फी भरायची राहते, पाहुण्यांसमोर डोळे भरून येतात. माझ्याकडे अशा बाया डोकेदुखी नाहीतर अशक्तपणा सांगत येतात आणि मी कित्येक वर्षे त्यांना लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवत होतो.

आता या स्वभावासह काम कसे करावे, ते माझ्या दवाखान्यावरून सांगतो. पहिला नियम: ‘ध्यानात ठेवतो’ हा शब्द बंद. रिपोर्ट आता माझ्या हातात येतच नाही. तो रजिस्टरमध्ये चढतो, कंपाउंडर मोठ्याने वाचतो आणि मी रुग्णाला फोन करून सही करेपर्यंत टेबलासमोरून हलत नाही. सुरुवातीला मला याची लाज वाटली. आता त्याला सुटी असली की माझ्या पोटात गोळा येतो.

किल्ली, चष्मा, पाकीट यांना दाराजवळ एकच खिळा आणि एकच टोपली. वही एकच, चार वह्या केल्या की चारही हरवतात. ज्यांना मोबाइल जमतो त्यांनी त्यातला गजर लावावा, पण तो काम करायच्या वेळेचा नसावा, निघायच्या वेळेचा असावा. आम्हा लोकांना दोनच वेळा कळतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. पाचची बस असेल तर मनात पाच असते. आंघोळ, कपडे, स्टँडपर्यंतचे चालणे त्यात धरलेलेच नसते. म्हणून साडेतीनचा आणि चारचा असे दोन गजर.

मोठे काम समोर आले की ते मोडून घ्यावे. ‘कर्ज भरणे’ हे काम नव्हे, ती पाच कामे आहेत. आज फक्त पासबुक काढून दारातल्या खिळ्याला लटकवायचे. उद्या बँकेत. एवढे क्षुल्लक वाटणारे पाऊल ज्याला हा विकार नाही त्याला हास्यास्पद वाटेल. वाटू द्यावे.

सर्वांत गुणकारी उपाय मात्र शेताने शिकवला. एकटा निंदणीला बसला की तासाभरात उठून बांधावर जाणारा माणूस रोवणीला दहा जणांच्या ओळीत दिवसभर वाकून असतो. शेजारी कुणी काम करीत असले की आपलेही काम सरकते. माझे आयकराचे कागद मी याच रीतीने करतो. पत्नी समोर तांदूळ निवडत बसते. ती काही बोलत नाही, मदतही करत नाही, नुसती बसते. पाच वर्षे रखडलेले कागद दोन रविवारांत झाले. (तांदूळ मात्र दोनदा निवडावे लागले, असे तिचे म्हणणे.)

पैशाच्या बाबतीत तीन रात्रींचा नियम ठेवावा. हप्त्यावर काही घ्यावेसे वाटले तर तीन रात्री झोपून मग ठरवावे. पंधरा दिवसांत दोन मोबाइल घेतलेला रुग्ण मला माहीत आहे. आणि झोप. अशा लोकांचा मेंदू रात्री अकराला उजळतो. त्यात झाडीपट्टीतली नाटके, रात्रपाळ्या. एक कलावंत रंगमंचावर शंभर संवाद न चुकता म्हणतो, पण घरी येताना बॅग विसरतो. रात्र सोडणे त्याला शक्य नाही. म्हणून दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत, रोज एकाच वेळी, असे आम्ही ठरवले. सकाळी अर्धा तास सायकल चालवली तर पुढचे दोन-तीन तास डोके जाग्यावर राहते, हा माझा स्वतःचा अनुभव.

खर्ऱ्याविषयी थोडे कडक बोलतो. तंबाखूतल्या निकोटिनने लक्ष घटकाभर एकवटते, हे खरे आहे. म्हणूनच या विकाराचे लोक तंबाखूकडे जास्त ओढले जातात आणि सोडताना जास्त त्रास भोगतात. हिशेबाला बसण्यापूर्वी पन्नीत घोटलेला खर्रा तोंडात टाकणारा माणूस नकळत स्वतःवर औषधोपचार करीत असतो. पण त्या औषधाची किंमत तोंडाच्या कर्करोगात चुकवावी लागते. तोंड उघडता येईना झालेली तिशीतली पोरे मी दर महिन्याला पाहतो. अशा रुग्णाला नुसते ‘सोड’ म्हणून भागत नाही. मूळ विकाराचा इलाज झाला तर खर्रा सुटायची शक्यता वाढते.

औषधे आहेत आणि चांगली आहेत. मिथाइलफेनिडेट १९४४ साली प्रथम तयार झाले. शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या बायकोच्या नावावरून त्याला रिटालिन म्हटले. आपल्याकडे त्यावर कायद्याचे कडक नियंत्रण आहे आणि ते असायलाच हवे. दुसरे ॲटोमॉक्सेटिन, त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. दोन्हींत भूक मंदावू शकते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी सांगावे. ही औषधे मानसोपचारतज्ज्ञानेच सुरू करावीत, माझ्यासारख्या एम.बी.बी.एस.ने नव्हे. पेपरातल्या जाहिरातींतील स्मरणशक्तीच्या टॉनिकांनी यात काही होत नाही.

औषधाला कचरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. स्वीडनमध्ये हा विकार असलेल्या सतरा हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच पुरुषांचे औषध घेत असलेल्या काळातले गंभीर रस्ते अपघात, औषध नसलेल्या काळाच्या मानाने निम्म्याहून कमी होते. कोळशाच्या ट्रकमागून मोटारसायकल चालवणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मी स्वतः औषध घेतो. रक्तदाब पत्नी मोजते, कारण मी मोजायचे विसरतो.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीस. आपल्या यजमानांना आळशी म्हणण्याआधी एकदा तपासून घ्यावे. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जायचे जमेपर्यंत टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही, फुकट आणि मराठीत बोलता येते. ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. जाताना सासूबाईंना बरोबर न्यावे, कारण लहानपणचे त्यांच्याइतके कुणाला आठवणार नाही. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके सापडली तर तीही न्यावीत. माझ्या चौथीच्या पुस्तकात गुरुजींनी ‘हुशार आहे, पण वर्गात नसतो’ असे लिहून ठेवले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यावर पेन्सिलीने खूण केली. दिवसाला किती खर्रे, किती तास झोप, हे एका कागदावर आधीच लिहून घ्यावे. तारीख ठरली की आदल्या रात्री कागदांची पिशवी दाराच्या खिळ्याला लावावी. आणि निघण्यापूर्वी गाडीत पेट्रोल आहे की नाही, ते आपण स्वतः पाहावे.